मावसाजींची ओरिजिनल रोवणी

नाचातलं आमच्या मावसाजींइतकं कळणारा माणूस सबंध भंडारा जिल्ह्यात नाही, हे मी खुद्द त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता मलाही ते खरं वाटायला लागलं आहे. स्वतः नाचायला लागले की मात्र ते दुकानात उंदीर शिरल्यासारखे दिसतात. पवनीच्या बाजारात त्यांचं हातमागाच्या लुगड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बाई काठ पाहते, पदर उलगडून पाहते, भावावर येते, आणि ऐन वेळी मावसाजी तेच लुगडं खांद्यावर टाकून गादीवर उभे राहतात, कमरेत वाकतात आणि विचारतात, "रोवणीचा नाच पाह्यला का तुमी? ओरिजिनल?" बाईनं नाही म्हटलं तर संपलंच, सबंध नाच पाहिल्याशिवाय तिची सुटका नाही. आणि हो म्हटलं तरी संपलं, कारण तिनं जो पाहिलेला असतो तो ओरिजिनल नसतो. एवढं होऊनही दुकान चालतं कसं, हे मला न उलगडलेलं पहिलं कोडं.

दुसरं कोडं म्हणजे तो ओरिजिनल नाच. मला माहीत होतं ते एवढंच, की मावसाजी विशी-बाविशीत असताना त्यांच्या गावच्या मंडळानं एक संगीत नाटक बसवलं होतं. गावातल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं. त्याच्या दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला धानाच्या रोवणीचा, म्हणजे भातलावणीचा, नाच होता. बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात बाया हातात पऱ्ह्यांच्या पेंड्या घेऊन, ओणव्या होऊन, एकेक रोप खोवत जशा पावलापावलानं मागं सरकतात, तसाच तो नाच. पुढे ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, पण नाच तेवढा वर राहिला. झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीनं तो उचलला, मग दुसरीनं उचलला. एकीनं त्यात धुराचं मशीन आणलं, दुसरीनं सहा बायांच्या बारा केल्या आणि त्यांच्या कमरेला चमकणारे पट्टे बांधले. शेवटी त्यावर सिनेमासुद्धा निघाला. मावसाजींनी यातलं एकही सोडलं नाही. लाखनीला असो, साकोलीला असो, नाटक लागलं की ते हजर. नाच रंगात आला की ते मधल्या रांगेत उठून उभे राहत आणि हात वर करून ओरडत, "चूक!" पुढे पुढे आयोजक मंडळी त्यांना ओळखायला लागली आणि मोठ्या मानानं जनरेटरच्या शेजारची खुर्ची द्यायला लागली. तिथून त्यांचं ओरडणं त्यांचं त्यांनाही ऐकू येत नसे.

चूक काय, हे मी त्यांना एकदा हिंमत करून विचारलं.

"नाच अंगावर आला पायजे बाबू," मावसाजी म्हणाले. "ह्या पोरी त दूर दूर चालल्या."

"पण मावसाजी, रोवणीत बाई मागंच सरकते ना?"

"मांगंच सरकते. मांगं सरकत सरकतच त ते अंगावर येते!"

मी बोटं टेबलावर पुढेमागे सरकवून पाहिली. काही केल्या जमेना. मावशी आतून म्हणाली, "त्याइच्या नादी नोको लागू. लगन झालं तवापासून मले नाही समजलं, त तुले का समजते?"

सिनेमा पाहायला ते मलाच भंडाऱ्याला घेऊन गेले. पडद्यावर खरीखुरी बांधी होती, खरा चिखल होता, आणि इतक्या पोरी होत्या की तेवढ्यात पाच-सहा गावांची रोवणी आटोपली असती. मावसाजी चुकचुकत बसले होते. तेवढ्यात कॅमेरा फिरत फिरत पोरींच्या मागे गेला आणि त्यांच्या पाठी क्षणभर आमच्या अंगावर यायला लागल्या. मावसाजी ताडकन उठले. "हां! हेच! हेच!" पण त्यांचं म्हणून होईपर्यंत कॅमेरा पुन्हा पुढे आला आणि ते मटकन खाली बसले. परतीच्या एसटीत त्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "फिलीमवाल्याइले सापडलं होतं, पन हातचं घालवलं." मी मान डोलावली. न समजता मान डोलावण्यात मी तोवर बराच तयार झालो होतो.

आणि मग गेल्या वर्षी एक गोष्ट घडली. पाण्यानं पांगवलेली गावची माणसं एकत्र आली आणि नव्या गावठाणात जुनं नाटक पुन्हा एकदा करायचं त्यांनी ठरवलं. जुन्या नटांतले बरेच गेले होते, उरलेल्यांना खुर्चीतून उठवायला दोघं लागत. नाच कोण शिकवणार? सगळ्यांनी मावसाजींकडे पाहिलं. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या नाचाला चूक म्हटलं, त्यांना आता बरोबर काय ते दाखवायचं होतं, आणि तेही आपल्याच गावाला. मावसाजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, गाव त बुडालं. आता नाच भी माह्या हातानं बुडाला, त कोनाले तोंड दाखवू?" त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला त्यांचं हसू येईना.

तालीम पवनीला त्यांच्याच अंगणात चाले. मावसाजी भिंतीशी खुर्ची टाकून बसत, समोरच्या ओसरीवर मावशी तांदूळ निवडत बसे. बुडालेल्या गावातल्यांच्या नाती मावशीकडे तोंड करून ओणव्या होत आणि एकेक पाऊल मागे घेत मावसाजींच्या दिशेनं येत. "बरोब्बर!" मावसाजी मांडीवर थाप मारत. एका पोरीनं विचारलं, "आजोबा, लोकाइकडं पाठ करून नाचाचं का आमी?" मावसाजी म्हणाले, "ओरिजिनल तसंच होतं. मी तिथंच होतो. माह्याइतकं जवळून कोनीच नाही पाह्यलं." पोरी पुन्हा ओणव्या झाल्या. एक दिवस मात्र पोरींचं काही केल्या जमेना. मावसाजी पुन्हा पुन्हा नाच करायला लावत, "काहीतरी चुकून राहिलं," म्हणत डोकं खाजवत. शेवटी आत गेलेली मावशी चहा करून परत ओसरीवर येऊन बसली, आणि पुढचा नाच एकदम बरोब्बर झाला. पोरींनी काय सुधारलं, हे मलाही समजलं नाही आणि पोरींनाही नाही.

माणसांना गाड्या धरून परत जायचं होतं म्हणून नाटक दुपारीच ठेवलं होतं. मावसाजींना शाल दिली, नारळ दिला, आणि पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. शेजारी मावशी, हातात मुरमुऱ्यांचा पुडा. दुसरा अंक उघडला आणि पोरी लोकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मांडवात कुजबूज झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "पोरी रुसल्या का वो?" पोरींनी मात्र शिकवल्याप्रमाणे, पाऊल न चुकवता मागं सरकत यायला सुरुवात केली. मावसाजी पाहत होते. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. आणि मग, कुणाला कळायच्या आत, ते उठून उभे राहिले आणि हात वर करून ओरडले, "चूक!"

पेटी थांबली. स्वतःच्याच नाचाला चूक म्हणणारा माणूस मांडवात कुणी पाहिला नव्हता.

"काय चुकलं मावसाजी?" मी विचारलं.

"समजून नाही राहिलं बाबू," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा एकदा पोरींच्या पायांकडे पाहिलं. "पाय बरोबर हाये. वाकनं बरोबर हाये. पन हे ते नोहोय."

मावशीनं त्यांच्या सदऱ्याला धरून ओढलं. "अवो, तुमी कुठं इथं होते तवा? तुमी त मांगचा पडदा धरून उभे होते ना! बांबू मोडला होता म्हनून. मधातच पडदा सुटला आन सगळ्याइले दिसले, तोंड वासून उभे. समोर त मी बसली होती, पाहुनी आली होती तवा. पोरीइचे तोंडं आमच्याकडं होते."

सगळा मांडव हसला. मावसाजी हसले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, की तुम्ही तिथे होता, पण तिथे म्हणजे कुठे? त्यांनी शाल खुर्चीवर ठेवली आणि चालू लागले. मला फार वाईट वाटलं. मागून मावशी पोरींना सांगत होती, "पोरी हो, तोंड इकडं करा आन तेच नाचा."

मला वाटलं, ते गाडीकडे निघाले. पण ते मांडवाला वळसा घालून थेट रंगमंचाच्या मागे गेले. तिथे तलावाचं चित्र काढलेला पडदा पक्का बांधलेला होता, त्याला कुणी धरायची काहीच गरज नव्हती. तरी मावसाजींनी त्याचा बांबू दोन्ही हातांनी धरला आणि फटीला डोळा लावला. मीही शेजारच्या फटीतून पाहायला लागलो. पेटी पुन्हा वाजली. पोरी लोकांकडे तोंड करून ओणव्या झाल्या आणि पावलापावलानं मागे सरकत आमच्याकडे, अगदी अंगावर यायला लागल्या. त्या वाकल्या की त्यांच्या पाठींवरून पहिली रांग दिसे. तिथे शाल ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीशेजारी मावशी बसली होती. नाचात इतकी गुंगली होती की मुरमुऱ्यांची मूठ तोंडापाशीच राहून गेली होती.

"तवा भी अशीच बसली होती," मावसाजी हळूच म्हणाले. "गॅसबत्तीच्या उजेडात. मले तिचं नाव भी मालूम नोहोतं."

इतक्या कंपन्यांनी आणि सिनेमावाल्यांनी काय गाळलं होतं, ते मला तेव्हा उमगलं. ते त्यांना कुठून सापडणार होतं बिचाऱ्यांना! नाच संपला, टाळ्या पडल्या, पोरी आत पळाल्या. समोर मावशी उठून उभी राहिली आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहून इकडेतिकडे शोधायला लागली.

"चला मावसाजी," मी म्हटलं, "मावशी शोधून राहिली."

त्यांनी बांबू सोडला नाही. "शोधू दे थोडी," ते म्हणाले. "इकडून ती मले लय वर्षानं दिसून राहिली."