ताईच्या गेटपासवर माझं नाव

हडपसरच्या त्या कारखान्यात बायकांना सात महिन्यांच्या वर सलग ठेवत नसत. मग ब्रेक. सलग राहिल्या तर कायम करा म्हणतील, एवढं साधं गणित. ब्रेकनंतर ताई माझ्या नावाने परत लागली. दहावीची मार्कलिस्ट माझी, फोटो तिचा. ही युक्ती ठेकेदाराच्या ऑफिसातल्या माणसानेच सुचवलेली. निम्मी लाइन कुणा बहिणीच्या नाहीतर नणंदेच्या नावावर राबत होती, आणि मूळ कागद त्याच्या कपाटात.

ताईच्या पगारावर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला. आयटी कंपनीत निवड झाली. सोमवारी मूळ कागद घेऊन या, म्हणाले. नेमकी त्याच आठवड्यात कारखान्यात कधी नव्हे ती कायम करायच्या बायकांची यादी निघाली. त्यात ताई होती, म्हणजे कागदोपत्री मी होते.

"मार्कलिस्ट एका दिवसापुरती मागून आणते. बँकेत खातं उघडायचंय म्हणते," ताई म्हणाली. ती मागणारच नाही, अशी मला भीती वाटली. सांगायला लाज वाटते, पण वाटली. म्हणून शनिवारी मीही हट्टाने बरोबर गेले. विश्रांतवाडीला बसमध्ये चढल्यापासून ती एकच बजावत होती, "कोणी विचारलंच, तर माझं खरं नाव सांग."

ठेकेदाराच्या ऑफिसात कारखान्याचा साहेब ती यादी घेऊनच बसला होता. ताईने बँकेचं सांगितलं. युक्तीवाल्या माणसाने कपाटातून मार्कलिस्ट काढून टेबलावर ठेवली. माझी नजर तिच्यावरून हलेना. साहेबाने मला सहज विचारलं, "आणि आपलं नाव?"

मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट.

साहेबाने यादी पाहिली, मग ताईकडे पाहिलं. "अस्सं. मग सहा महिने लाइनवर कोण होतं?"

युक्ती सुचवणारा कपाट आवरण्यात दंग झाला. त्याच्या कानाखाली एक वाजवावी, असा संताप आला मला. ताईने गेटपास काढून साहेबापुढे ठेवला आणि मार्कलिस्ट उचलली.

बसमध्ये मी म्हणाले, "ताई, मी नाही जात सोमवारी."

"जायचं नव्हतं, तर आत तोंड कशाला उघडलंस?"

चुकून निघालं गं, एवढंच मला म्हणायचं होतं. पण ते खरंच चुकून होतं का, हे माझं मलाच सांगता येईना. सोमवारी मी गेले.