वच्छलाआत्याचं मेणाचं नाक

वच्छलाआत्याचं नाक कुठल्या रोगानं बसलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. गावानं ते कधी मानलं नाही, निदान कागदावर तरी असू दे. लहानपणी ती उखळाच्या काठावर तोंडघशी पडली, हाड मोडलं आणि डोळ्यांच्या मधला भाग खोलगट झाला. एवढंच. पण आमच्या मोताळ्याकडे बसकं नाक दिसलं की लोकांच्या मनात महारोगच यायचा. पाहुणे येत, पोरीचा पदर जरा सरकला की पुढ्यातलं गूळपाणी तसंच ठेवून उठत.

माझे आजोबा उकंडराव मानी होते. मानी म्हणजे घरातल्या बायकांना काही न सांगणारे, असा मी तरी त्याचा अर्थ लावते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, पहिली मोठी लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. लष्करी इस्पितळात काम केलेला एक डॉक्टर खामगावात येऊन राहिला होता. फुटक्यातुटक्या चेहऱ्यांत सुईनं मेण भरून तो ते सारखे करतो, असं आजोबांच्या कानावर आलं. आजीला ‘हाड वर येण्याची सुई आहे’ एवढंच सांगून त्यांनी बैलांची दमणी जुंपली आणि आत्याला घेऊन गेले.

डॉक्टर बोलका होता. त्यानं आजोबांना सगळं समजावलं, आत्या शेजारीच बसून ऐकत होती. काही डॉक्टर मेण पातळ करून एकाच जागी एकदम सोडतात, म्हणाला. ते वाट फुटेल तिकडे जातं, रक्तात शिरलं तर डोळासुद्धा जातो. त्याची रीत वेगळी होती. सुई नाकाच्या शेंड्याकडून कातडीखालून थेट भुवयांपर्यंत न्यायची आणि मागे ओढता ओढता थोडं थोडं मेण सोडत यायचं. तेवढा वेळ कंपाउंडर अब्दुल गनीनं नाकाच्या दोन्ही बाजू बोटांनी घट्ट दाबून धरायच्या, म्हणजे मेण डोळ्यांकडे सरकत नाही. मग ते मऊ आहे तोवर बाहेरून बोटांनी आकार द्यायचा आणि गार पाण्याची घडी ठेवायची. सगळं एका वेळी भरायचं नाही. आजोबा तिला तीनदा घेऊन गेले, आणि तिसऱ्या खेपेला आत्याला आरशात सरळ नाक दिसलं. ती रडली. गनी म्हणाला, “रडू नको बेटी, हलंल ना ते.”

निघताना डॉक्टरनं बजावलं, “हे मेण आहे, हाड नव्हे. वर्षभर उष्णतेपासून जपा. चोळायचं नाही, शेकायचं नाही.” गनीनं पुन्हा आपल्या भाषेत सांगितलं, “पाटील, घरात बायांले सांगजा. शेक बिलकुल नाही.”

“हाव, सांगतो,” आजोबा म्हणाले.

आणि वाटेत गाडी थांबवून त्यांनी आत्याला गळ्याची शपथ घातली. मेणाचं कोणाला सांगायचं नाही, मायलासुद्धा नाही. माय मावशीला सांगेल, मावशी बाजारात सांगेल, मग या नाकाला कोण पोरगा देईल? घरी आल्यावर त्यांनी फर्मान सोडलं की लग्नापर्यंत पोरीनं चुलीपुढं बसायचं नाही, रंग उतरतो. आजीला वाटलं, बापाला लेकीचं कौतुक आलंय.

सुलतानपूरचं स्थळ जमलं. मुलाच्या बापानं आत्याला उजेडात नीट पाहिलं आणि हो म्हटलं. हळद लागली. ओल्या हळदीनं वाऱ्यात बसून आत्याला पडसं झालं, नाक चोंदलं, कपाळ ठणकायला लागलं. वऱ्हाड दुसऱ्या दिवशी यायचं होतं. आजोबा मांडवाच्या कामात होते. नाक चोंदलेल्या लेकीला आई काय करील? आजीनं तव्यावर ओवा भाजला, फडक्यात बांधून पुरचुंडी केली आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन नाक, कपाळ शेकत बसली. निवली की पुन्हा तापवायची, पुन्हा लावायची. दुपारभर शेकलं बिचारीनं.

सकाळी नाकाचा मधला भाग खाली बसलेला होता आणि डाव्या डोळ्याखाली लिंबाएवढी गाठ आली होती. कातडी लाल, चकचकीत. सुलतानपूरच्या बायका ओटी भरायला आत आल्या. त्यांतल्या थोरल्या बाईनं कुंकवाचं बोट पुढं केलं आणि तसंच मागं घेतलं. कोणी भांडलं नाही. जेवणाची पानं मांडलेलीच राहिली आणि गाड्या परत फिरल्या.

आजोबा आत्याला घेऊन पुन्हा खामगावला गेले, तर डॉक्टर गाव सोडून गेलेला. गनीनं गाठ चाचपली आणि विचारलं, “शेकलं का?” आजोबा नाही म्हणाले. घरी त्यांनी सुईचं औषध उलटलं असं सांगितलं, आणि मरेपर्यंत तेच सांगत राहिले. मला त्यांचा राग येतो, अजून येतो.

आत्या माहेरीच राहिली. गाठ दगडासारखी झाली, उन्हाळ्यात ठणकायची. तिच्या हातचं पाणी कोणी घेत नसे, म्हणून ती कापूस वेचणीला गेली तरी आपली पाण्याची मडकी वेगळी ठेवी. आणि आजी आल्यागेल्याला एकच गोष्ट सांगायची, “म्या दुपारभर शेकलं हो पोरीले. माह्या शेकानं डोया तरी वाचला.” आत्या तिथंच बसलेली असली तर म्हणायची, “हाव माय. तुह्यानंच वाचला.”

आजी गेल्यावर, तिचं दिवसपाणी उरकल्यावर, आत्यानं मला हे सारं सांगितलं. मी चिडलेच. म्हटलं, “आत्या, शेकायचं नाही हे तुला माहीत होतं. आजी पुरचुंडी लावत होती तेव्हा काऊन नाही बोललीस?”

“बाबाची शपथ होती. अन् वाटलं, थोड्या शेकानं काय होते?” ती म्हणाली. “मंग आतमधी काहीतरी लोण्यावाणी सरकलं. तवा समजलं मले. पण माय मांडीवर थोपटून राह्यली होती, गाणं म्हणून राह्यली होती.”

“आणि नंतर? इतकी वर्षं?”

आत्यानं पदर डाव्या गालावर ओढून घेतला. “माह्यं नाक तं गेलंच होतं. सांगतलं असतं, तं मायनं आपल्या हाताले कधी माफ केलं नसतं. त्याच हातानं ती मले रोज जेवू घाले.”