पोर इथंच उठणार

रूथबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ख्रिस्ती मंडळी दफन दिवस मावळायच्या आत उरकतात, म्हणून पीठ तसंच झाकून निघाले. बायका मसणात जात नाहीत, सासूबाई म्हणाल्या. म्हटलं, मसणात नाही, रूथबाईंकडे जातेय.

कलकत्त्यात बागबाजारला आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. मूळच्या नगरच्या, इथं मुलींच्या शाळेत शिकवायच्या. आधी लहानगी लेक शांती गेली, मागोमाग यजमान. भाऊ दरवर्षी नगरला बोलवायचा, दंगलींच्या दिवसांत तर न्यायलाच आला. पण बाई कलकत्ता सोडीनात. कारण अगदी व्यवहारातलं सांगायच्या. शेवटच्या दिवशी प्रभू मेलेल्या सगळ्यांना कबरीतून उठवील तेव्हा पोर इथंच उठणार, उठल्याउठल्या आई शोधणार. आई नगरला असून कसं चालेल? नुसत्या आत्म्यावर त्यांचं समाधान नव्हतं. ते कुरळं जावळ, तो खरचटलेला गुडघा... सगळीच्या सगळी शांती त्यांना परत हवी होती. ईस्टरच्या पहाटे तिच्या कबरीवर जाऊन आल्या की चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा असायचा. मी चिडवायची, आमच्यात बरं बाई, जुनं शरीर टाकायचं नि नवं घ्यायचं. त्या हसून म्हणायच्या, "आणि ओळखायचं कसं गं?"

त्या प्रश्नानं एकदा मला रडूच फुटलं. माझं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं होतं. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत. पुरुषमंडळींनी गंगेकाठी नेऊन पुरलं. मी बाळंतिणीच्या खोलीत. कुठं पुरलं ते मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. घरात तो विषयच बंद. रूथबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुमती, तोही उठेल. पण हाक कशी मारशील? नाव ठेव त्याचं." माझं डोकंच फिरलं. गेलेल्याचं का कुणी बारसं करतं! कितीतरी दिवस वर पाऊल टाकलं नाही. त्यांनी विषय पुन्हा काढला नाही, पण अधूनमधून माझ्याकडे बघायच्या, वाट पाहत असल्यासारख्या...

त्यांना शांतीशेजारीच ठेवलं. मूठभर माती टाकायला वाकले आणि तोंडून निघून गेलं, "रूथबाई, श्रीधर. श्रीधर ठेवलंय."

घरी येऊन न्हायले आणि ह्यांनाही तेच सांगितलं. हे उठले. मग चपला घातल्या आणि चल म्हणाले. काठावर एका पिंपळापाशी थांबले. "इथंच कुठंतरी. आता मलाही नक्की..." मी त्यांचा हात धरला. रस्त्यात, चारचौघांत, जन्मात पहिल्यांदा.

रूथबाईंचं मला पटलंय का? खरं सांगायचं तर ठाऊक नाही. पण परवा ह्यांची पुण्याला बदली होणार असं कळलं. सासूबाई हरखल्या, लगेच सामानाचं बोलू लागल्या. मी म्हटलं, मला नाही यायचं, श्रीधर इथं आहे.

कोण श्रीधर, असं सासूबाईंनी विचारलं नाही.