वहीवंच्याचा लॅपटॉप

वेलजीभाई बारोट हे उत्तर गुजरातेतले वहीवंचे. पटेलांच्या बावीस गावांच्या वंशावळी त्यांच्या घराण्याकडे होत्या. तीन-चार वर्षांनी एकेका गावी जायचं, जमलेल्या घरच्यांना पूर्वजांची नावं वाचून दाखवायची आणि नव्या मुलांची नावं चढवायची, हे त्यांचं पिढीजात काम. बारोटानं वाचलं ते खरं, त्यावर सोयरिकी जुळत आणि मोडत. त्यामुळे माणूस ताठ. मानाचं पान जरा उशिरा आलं तरी न जेवता उठणारा.

वडिलांचा एक दंडक मात्र ते जिवापाड पाळत. प्रत्येक गावाची वही एकच असायची. जीर्ण झाली की नवी उतरवायची आणि जुनी त्याच दिवशी नदीत सोडायची. दोन राहिल्या की कोणीतरी एकीत नाव घुसडतो आणि भाऊबंद एकमेकांची डोकी फोडतात. पाच वर्षांपूर्वी वह्यांना वाळवी लागली, तेव्हा वेलजीभाईंनी पानन् पानाचे फोटो काढून भाच्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये घातले आणि चांदोदला जाऊन वह्या नर्मदेला अर्पण केल्या. बायको रंभाबेन म्हणाल्या होत्या, राहू द्या की माळ्यावर, खायला मागतात का? नवऱ्यानं त्यांना चार शब्द सुनावून गप्प केलं होतं.

आता तो लॅपटॉपच थकला होता. त्या दिवशी खेरवडीला मफतभाई पटेलांच्या नातवाचं नाव ठेवायचं होतं, चार वाजता वाचन होतं. दोन वाजता वेलजीभाईंनी मफतभाईंच्या घरातल्या वरच्या खोलीत लॅपटॉप उघडला, तर डिस्क भरली आहे असं सांगून तो अडून बसला. नवं काही घ्यायलाच तयार नाही. पालनपूरच्या दुकानातल्या इरफानला फोन लावला. तो म्हणाला, जे जड असेल ते पेनड्राइव्हवर घ्या, तिथं उघडतंय का बघा आणि मगच इथलं उडवा.

पडद्यावर 'वह्या' नावाचं पिवळं खोकं होतंच. वेलजीभाईंनी ते पेनड्राइव्हवर टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. बावीस गावं इतक्या झटकन गेली कशी, असं दुसऱ्या कोणालाही वाटलं असतं. यांना आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. मग डिस्कच्या आत शिरून त्यांनी त्याच नावाचं जड खोकं शोधलं. पेनड्राइव्हवरचं उघडून बघायचं राहिलं, पण वडिलांचा दंडक बरा आठवला. नवी उतरली ना? मग जुनी ठेवायची नाही. त्यांनी ते पुसलं, कचरापेटीही रिकामी केली आणि नदीकाठी जोडले होते तसे हात जोडले. डिस्क अर्धी मोकळी झाली.

मग पेनड्राइव्हवरचं खोकं उघडायला गेले. ते उघडेचना. वेलजीभाईंनी पुन्हा फोन केला.

"काका, पडद्यावर होती ती नुसती वाट दाखवणारी खूण," इरफान म्हणाला. "तुम्ही दारावरची पाटी काढून आणलीत आणि घर पाडून टाकलंत."

"परत येईल का?"

"आधी तो बंद करा. एक अक्षरही लिहू नका त्यात. मोकळ्या जागेवर नवं काही बसलं की जुनं कायमचं गेलं. इकडे घेऊन या, बघतो. शब्द देत नाही."

खाली साठ माणसं जमली होती. तब्येतीचं निमित्त सांगून निघता आलं असतं, आणि ते निघाले असते तर बरं झालं असतं. पण ताठ मान खाली घालायची कशी? वेलजीभाई बैठकीवर बसले, बंद लॅपटॉप मांडीवर उघडून धरला, काळा पडदा स्वतःकडे ठेवला आणि वाचल्यासारखं बोलू लागले. मफत, शिवराम, जोईता. ही नावं घरच्यांनाही पाठ होती. मग हरगोवन, मग वस्ता. आता खेरवडीत पहिल्यांदा आला तो मूळ पुरुष यायला हवा होता, आणि तो काही केल्या आठवेना. म्हातारी माणसं कान देऊन बसली होती.

"देवकरण," वेलजीभाई म्हणाले.

असा कोणी नव्हता. तोंडाला आलं ते त्यांनी बोलून टाकलं. आणि त्या साठ माणसांनी देवकरणाला हात जोडले.

बाळाचं नाव ठेवायचा मान त्याच्या फोईचा, म्हणजे आत्याचा. मफतभाईंची मुलगी जागृती बाळाला घेऊन पुढे आली. तिनं नाव आणलं होतं, पण आता तिचे डोळे भरून आले होते. मूळ पुरुषाचंच नाव ठेवते, म्हणाली, आणि बाळाच्या कानाला तोंड लावून तिनं देवकरण म्हटलं. सगळ्यांना ते पसंत पडलं.

मफतभाई सरकून जवळ आले. "चढवा नाव, बारोटजी. मला बघू दे."

वेलजीभाईंचा हात लॅपटॉप सुरू करायच्या बटणापर्यंत गेला आणि थांबला. लिहिलं तर बावीस गावं जातील, नाही लिहिलं तर अब्रू. त्यांनी पडदा सगळ्यांकडे फिरवला.

"लॅपटॉप बंद आहे," ते म्हणाले. "वही माझ्या हातानं पुसली गेली. देवकरण कोणी नव्हता. मी बनवला."

जागृतीनं बाळाला छातीशी धरलं.

"फोईनं कानात सांगितलेलं नाव फिरत नाही, काका," ती म्हणाली. "हा आता देवकरणच."

मफतभाई मात्र त्या काळ्या पडद्याकडेच बघत होते. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "आणि हरगोवन, वस्ता? ते तरी होते का?"

होते, असं म्हणायला वेलजीभाईंनी तोंड उघडलं. पण हरगोवन वस्ताचा मुलगा, की वस्ता हरगोवनचा, हे त्यांना आता खात्रीनं सांगता येईना.