कानातली शिट्टी आणि झेनचं पुस्तक

माझ्या उजव्या कानात शिट्टी वाजते. कुकरची शिट्टी निदान थांबते, ही थांबत नाही. रातकिड्यासारखी बारीक, एकसुरी. मी जेवते तेव्हा असते, दळण निवडते तेव्हा असते. बोलताना तिचा विसर पडतो आणि गप्प झालं की ती हजर.

एका सकाळी पूजेला बसले होते, तेव्हा ती पहिल्यांदा ऐकली. शेजारी कुणाची तरी मोटर चालू राहिली असेल म्हणून सुनेला बघायला पाठवलं. ती बघून आली.

"आत्याबाई, सकाळधरनं लाईटच न्हाई. मोटर कशाची चालंल?"

मुलानं मला बीडला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं कानावर यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं, वयानं कानातली नस झिजली आहे, यावर औषध नाही, हळूहळू सवय होईल. मी विचारलं, कधी? तो हसला. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणीच गळ्यात लिंग येतं. सकाळी आंघोळ करून कपाळाला भस्म लावायचं, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडं एकटक बघत गप्प बसायचं. आई करायची म्हणून मी करायला लागले. त्यात मला कधी देव दिसला नाही, उजेड दिसला नाही. पण नांदूरघाटच्या या घरात आल्यापासून किराणा दुकान, सासू, पोरं आणि नवऱ्याचं लांबलेलं आजारपण यांतून तेवढाच वेळ माझा होता. त्या वेळात कुणी मला हाक मारायचं नाही. सासूसुद्धा नाही. नवरा वारला त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी बसले होते. लोकांनी नावं ठेवली. पण तेवढ्यानं मी उभी राहिले.

शिट्टीनं माझी ती जागाच काढून घेतली. तळहातावर लिंग घेऊन गप्प झालं की कानात कुणी सुई फिरवतंय असं वाटायचं. डोळे लिंगावर आणि सगळा जीव कानात. घामानं पोलकं भिजायचं. मग उठून उगीच भांडी वाजवायची.

पुण्याला असलेली माझी नात ध्यानाच्या वर्गाला जाते. तिथं भिंतीकडं तोंड करून बसवतात म्हणे. तिला मी शिट्टीचं सांगितलं, तेव्हा येताना तिनं दोन पुस्तकं आणली. एक ताओचं, एक झेनचं, दोन्ही मराठीत. म्हणाली, "आजी, तू आयुष्यभर जे करतीस तेच चीन-जपानात पण करतात. वाचून बघ."

मी चौथीपर्यंत शिकले. मनात वाचणं मला येत नाही. ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचावं लागतं, तरच डोक्यात शिरतं. आणि मोठ्यानं वाचताना शिट्टी माझ्या आवाजाखाली दबायची. मग काय, मी वाचतच सुटले. सकाळी झेन, दुपारी ताओ. घसा बसला की गरम पाणी प्यायचं आणि पुढचं पान.

ताओचं पुस्तक मला पटलं. पाण्यासारखं वागा, अडलं तर वळसा घाला, ओढाताण करू नका, असं त्यात होतं. बाई म्हणून जन्मल्यावर हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. झेनचं जास्त कडक. त्यात फिरून फिरून एकच सांगितलेलं, की पुस्तकानं काही होणार नाही, पुस्तक ठेवा आणि बसा. हे मी मोठ्यानं वाचायचे. पान उलटून पुन्हा वाचायचे. बसावं लागू नये म्हणून, बसा असं लिहिलेलं पुस्तक मी दोनदा वाचून काढलं.

नातीचा फोन आला. "किती झालं वाचून?"

"झेनचं दुसऱ्यांदा संपलं."

"आणि बसतीस का रोज?"

"बसते की."

"आजी, खोटं बोलतीस."

"मग कशाला विचारतीस?"

त्याच सुमारास आमचे स्वामी घरी पूजेला आले होते. आमच्या घराण्याचे गुरू तेच. चहा घेताना मी त्यांना विचारलं, "स्वामी, पूजेला बसलं की कानात आवाज येतो. काय करावं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "कसला आवाज?"

"बारीक. रातकिड्यासारखा."

"थांबतो का मधी?"

"थांबला असता तर तुम्हाला विचारलं असतं का?"

स्वामींनी मलाच हात जोडले. "काकू, हा अनाहत नाद हाय. न वाजवता वाजणारा. लोक जन्मभर तप करत्यात, तरी ऐकू येत न्हाई. तुमची पूजा फळाला आली."

"मग ज्यांना पायजे त्यांना देऊन टाका. मला नको."

"असं बोलू न्हाई."

"डॉक्टर म्हणला, नस झिजली."

"त्याला काय कळतंय यातलं?"

ही गोष्ट दुकानातून गावात गेली. मुलगाच गिऱ्हाइकांना सांगत होता. त्यालाही बरं वाटलं असेल. आई आजारी आहे म्हणण्यापेक्षा आई पोचलेली आहे म्हणणं सोपं. मग बायका यायला लागल्या. आधी आमच्या गल्लीतल्या, नंतर लिंबागणेशकडच्या कुणाच्या कोण. ओट्यावर बसायच्या आणि मी दिसले की पाया पडायच्या. सून चहा करून करून वैतागली. "आत्याबाई, दूध संपलं. आता तुमच्या भक्तांना कोरा चहा."

मी सगळ्यांना सांगितलं की हा आजार आहे. त्यावर त्या एकमेकींकडं बघून म्हणायच्या, "बघा, कसला गर्व न्हाई."

एकीनं तर माझ्या कानाला कान लावला.

"येतंय का ऐकू?" मी विचारलं.

"थोडं थोडं येतंय, काकू."

तिला येत होतं तर तिनं ते सगळं घेऊन जावं, असं मला मनापासून वाटलं.

त्या दिवसांत माझी झोप गेली होती. मळ्यातल्या विहिरीकडं निघाले की सून काहीतरी निमित्त काढून मागं यायची. मी तसलं काही बोलले नव्हते. तिला माझ्या तोंडावर दिसलं असेल. खोटं कशाला सांगू, तिनं चुकीचं बघितलं नव्हतं.

शेवटी मी ठरवलं, झेनवाले म्हणतात तसं करून बघू. दोन्ही पुस्तकं सुनेच्या हातात दिली आणि सांगितलं, कपाटात घालून कुलूप लाव. मागितली तरी देऊ नको. आंघोळ केली, भस्म लावलं, लिंग तळहातावर घेतलं आणि बसले. शिट्टी आली. येऊ दे म्हटलं. पुस्तकात लिहिलं होतं, मनात येईल त्याच्याशी भांडू नका, ते येतं आणि जातं. माझं येत होतं, जात नव्हतं. लिहिणाऱ्याच्या कानात काही वाजत नसावं. मी बसून राहिले. लिंगावर मूठ आवळली आणि ओरडले, "गप! गप बस, मेल्या!"

ओट्यावर दोघी-तिघी येऊन बसलेल्या होत्या. सून स्वयंपाकघरातून पळत आली. "आत्याबाई, कुणाला म्हणला?"

बाहेर एक बाई दुसरीला सांगत होती, "अंगात आलं, अंगात आलं."

मी तशीच दारात गेले. "अंगात काय येत न्हाई माझ्या. हा कान उपटून टाकावा वाटतोय मला, आन् तुमी पाया पडता? उठा. घरला जा."

त्या उठल्या. जाताना उंबऱ्याला हात लावून गेल्याच. पुढं येणं कमी झालं. मुलगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. स्वामींनी निरोप धाडला की काकूंना क्रोधानं घेरलं आहे, पूजा वाढवावी.

सुनेनं त्या दुपारी कपाट उघडून पुस्तकं माझ्यापुढं आणून ठेवली. "वाचा. पण वरडू नका. लेकरं भेत्यात."

दुसऱ्या सकाळी मी डाव्या हातावर लिंग ठेवलं, मांडीवर झेनचं पुस्तक उघडलं आणि उजव्या हाताचं बोट ओळीवर धरलं. पूजेच्या वेळी असलं कुणी करत नाही. सासू असती तर पुस्तक चुलीत गेलं असतं. मी वाचत राहिले. तोंड कोरडं पडलं म्हणून मधेच थांबले, तर शिट्टी लगेच आली नाही. आवाज बंद झाल्यावर ती यायला जरा वेळ लागला. एक श्वास घ्यावा तेवढा. त्या तेवढ्यात काही नव्हतं. पूर्वीसारखं गप्प होतं.

मी पुन्हा वाचलं, पुन्हा थांबले. पुन्हा तसंच. नवरा गेल्यावरही मी रडले नव्हते, पण त्या सकाळी डोळ्यांना पदर लावावा लागला.

मग मी हावरट झाले. वाचायचं ते फक्त थांबण्यासाठी. काय वाचलं ते कळेनासं झालं. थांबले की कान टवकारून बसायचे, आता गप्प होईल, आता होईल. तसं बसलं की शिट्टी माझ्याआधी हजर. वाट बघितली नाही तर कधी कधी मिळतं. पण वाट न बघणं माझ्या हातात नाही. ताओच्या पुस्तकात याला वळसा घालायला सांगितलं आहे. कुठून घालायचा ते सांगितलेलं नाही.

मी नातीला हे फोनवर सांगितलं. ती खूष झाली. "आजी, हेच तर झेन! तू पोचलीस."

"तूही स्वामीसारखंच बोलायला लागलीस. ठेव फोन."

ती ओशाळली. हळूच म्हणाली, "लई त्रास होतोय का गं?" एवढं तिच्याआधी कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले.

या आठवड्यात ते गप्प एकदाही आलं नाही. काल एक पान ओळीओळीनं वाचून झालं. प्रत्येक ओळीला थांबले, आणि प्रत्येक वेळी शिट्टी आधीपासून वाजतच होती. सून दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आत्याबाई, चहा घ्या अगुदर." मी तिला थांबायला सांगितलं आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. उद्याही बसेन. दुसरं काही करण्यासारखं राहिलेलं नाही.