बॅटरी नसलेल्या गाडीचे ब्रेक लाइट

इथे मी पहिल्यांदाच लिहितोय. आतापर्यंत फक्त वाचायचो, आणि खरं सांगायचं तर कोणी "घरातला दिवा आपोआप लागतो" वगैरे लिहिलं की खाली "आधी वायरिंग तपासा" अशी कमेंट टाकून मोकळा व्हायचो. तसं करणं माझ्या रक्तातच आहे. मी सुरतच्या पांडेसऱ्यातल्या, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. करंट कुठून येतो आणि कुठे जातो, हे शोधण्यात माझं आयुष्य गेलंय. वाट नसेल तर करंट जात नाही... एवढंच माझं अध्यात्म. त्यामुळे खाली जे लिहितोय ते लिहिताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही राहतो लिंबायतला. मूळचे पारोळा तालुक्यातले. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तरुणपणी सुरतेला आले आणि हातपाय थकेपर्यंत लूम्सवर राबले. त्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर ऐकू येतं, नाहीतर नाही. शिवाय शुगर आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बायको सुरेखा मार्केटमध्ये साडी पॅकिंगला जाते, मुलगी नर्सिंग शिकायला नवसारीला असते. म्हणजे दिवसभर घरात अण्णा एकटेच.

अण्णांना दवाखान्यात न्यायला आणि गावी जायला बरी पडेल म्हणून मी एक जुनी, सेकंडहँड गाडी घेतली होती. आमच्या गल्लीत ती एका विशिष्ट पद्धतीनेच लागते — तोंड आमच्या भिंतीकडे आणि पाठ समोरच्या रमिलाबेनच्या ओट्याकडे. रमिलाबेन सुरतीच, साठीच्या असतील, ओट्यावर बसून भाजी निवडता निवडता सगळ्या गल्लीवर लक्ष ठेवतात.

तर एका शनिवारी मिलमधून घरी येताना सिग्नलला एक बाइकवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "भाई, तमारी ब्रेक लाइट चालु छे." मी म्हटलं, ब्रेक दाबलाय म्हणून चालू आहे. पुढे एका टेम्पोवाल्याने हात केला. मग उधन्याच्या पुलाखाली एका काकांनी. घरी येऊन चावी काढली, उतरून मागे गेलो, तर दोन्ही दिवे लालभडक!

रविवारी सकाळी कामाला लागलो. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना माहीत असेल, ब्रेकच्या पायपट्टीच्या, म्हणजे पेडलच्या, वर एक छोटा स्विच असतो. पट्टी सोडली की ती त्या स्विचचं बटण आत दाबते आणि दिवा विझतो. तिथे एक प्लास्टिकची बारीक टोपी असते. ती झिजून तुटली की बटण दाबलं जात नाही आणि दिवे लागलेलेच राहतात. शंभरातल्या बहुतेक गाड्यांचा रोग हाच. मी स्टिअरिंगखाली उलटा पडून टॉर्च लावून पाहिलं, तर टोपी धडधाकट. बोटाने बटण दाबलं. दिवे चालूच. स्विच खराब असेल म्हणून नवा आणून बसवला. चालूच. शेवटी स्विचचं कनेक्शनच उपटलं. आता विझायलाच हवेत ना? नाही विझले! फ्यूज काढला. तरी नाही.

अण्णा आमच्या ओट्यावर खुर्ची टाकून माझी मजा बघत होते. अहिराणीत म्हणाले, "मिलनी येवढी मोठी मशीन चालवस, आनि हाई डबडं तुले आयकत नही?"

मी चिडलो, पण गोंधळलो नव्हतो. कुठेतरी दोन वायरींची सालं निघून एकमेकींना चिकटली असणार आणि दुसऱ्या सर्किटमधून करंट येत असणार. हे अगदी शक्य आहे. भेस्तानला माझ्या ओळखीचा एक कार-वायरिंगवाला आहे, त्याला फोन केला. तोही हेच म्हणाला. "पुढच्या रविवारी आण, सगळी वायरिंग सोडून बघू. तोवर बॅटरी काढून ठेव." तशीही बॅटरी रात्रभरात पार बसली होती, दिवे मिणमिणायला लागले होते. मी तिचे दोन्ही टर्मिनल सोडले आणि दिवे विझले. बॅटरी उचलून घरात आणली, आणि सोमवारी सकाळी स्कूटरवर पायाशी ठेवून उधन्याच्या दुकानात चार्जिंगला देऊन मिलमध्ये गेलो.

पुढचं नीट वाचा. सोमवारी त्या गाडीत बॅटरी नव्हती. बॅटरी उधन्याला होती.

दुपारी जेवायला बसणार एवढ्यात रमिलाबेनचा फोन. "सुनीलभाई, काका पडी गया छे. १०८ बोलावी छे. तमे सीधा सिव्हिल आवो."

कसा पोचलो ते आठवत नाही. अण्णांना आत घेतलं होतं, हाताला सलाइन. सुरेखा माझ्या आधी पोचली होती, भिंतीला टेकून नुसती उभी होती. सोमवारचा उपास होता आणि अण्णांनी सकाळची शुगरची गोळी मात्र नेमाने घेतली होती. पोटात काहीच नाही. शुगर एकदम खाली गेली आणि ते मोरीपाशी कोसळले. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "कोणी पाहिलं म्हणून बरं. संध्याकाळपर्यंत असेच पडून राहिले असते तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते."

थोड्या वेळाने अण्णांनी डोळे उघडले. सुरेखाकडे पाहून पहिलं वाक्य काय, तर "मना उपास मोडा का?" ती रडता रडता हसली. मी बाहेर जाऊन तोंड धुतलं.

रमिलाबेन बाकावर बसल्या होत्या. पायात दोन वेगवेगळ्या चपला. तशाच अँब्युलन्समध्ये चढल्या होत्या. मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, "बेन, तुम्ही नेमक्या त्या वेळी घरात कशा गेलात?" कारण अण्णांना ऐकू येत नाही हे माहीत असल्यामुळे दुपारी आमचं दार कोणी वाजवत नाही.

त्या सहज म्हणाल्या, "अरे, तारी गाडीनी लाइट माटे."

त्या आत पोळ्या करत होत्या. गल्लीतून जाणाऱ्या रिक्षावाल्या इरफानभाईंनी हाक मारली — "भाभी, सामनेवाली गाड़ी की ब्रेक लाइट जल रही है, बैटरी उतर जाएगी, घर में बोल दो." त्या बाहेर आल्या. दोन्ही दिवे भडक लाल. आदल्या दिवशी मी त्याच दिव्यांसाठी घाम गाळत होतो हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून अण्णांना सांगायला आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत डोकावल्या...

मी म्हणालो, "बेन, गाडीत बॅटरीच नाहीये."

त्यांना त्यातलं काही कळलं नाही. "होय नहीं होय, लाइट तो हती," म्हणाल्या आणि अण्णांना चहा चालेल का ते विचारायला उठून गेल्या.

अण्णांपाशी सुरेखाला ठेवून मी संध्याकाळी कपडे आणायला घरी आलो. पिशवी भरायच्या आधी बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी, दोन्ही वायरी मी जशा बाजूला बांधल्या होत्या तशाच. दिवे विझलेले. पायपट्टी दाबून पाहिली, अर्थातच काही नाही. मग इरफानभाईंना गाठलं. ते म्हणाले, "मैं रोज़ गाड़ी चलाता हूँ, मुझे ब्रेक लाइट नहीं पहचान में आएगी क्या?" मनात आलं, ऊन पडलं असेल लाल काचेवर, तसं चमकतं कधीकधी. पुढच्या दिवशी दुपारी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. त्या वेळी गाडीच्या पाठीवर शेजारच्या तीनमजली घराची सावली असते. उन्हाचा कवडसाही येत नाही. रमिलाबेनना उन्हाचं म्हटलं तर त्या रागावल्याच. गुजरातीत ऊन म्हणजे तडका. "तडका ने लाइटमां मने फरक ना समजाय?"

अण्णा घरी आल्यावर बॅटरी आणून बसवली. फ्यूज लावला, स्विच जोडला. दिवे बंद. पायपट्टी दाबली की लागतात, सोडली की विझतात. रविवारी भेस्तानला नेली, आम्ही दोघांनी पूर्ण वायरिंग उघडून पाहिली. एकाही वायरीचं साल निघालेलं नाही, कुठे जळल्याचा डाग नाही. तो म्हणाला, "सुनील, नक्की बिघाड होता ना?" त्यानंतर आजवर ती तक्रार पुन्हा आलेली नाही.

अण्णांना मी एकदा कानाशी जाऊन सगळं समजावून सांगितलं, अगदी कागदावर सर्किट काढून. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "लाइट पेटनी, रमिला वनी, मी वाचनू. तू काब्र डोकं फोडस?"

आता रमिलाबेनकडे आमच्या घराची एक चावी असते. दुपारी त्या अण्णांना हाताला धरून ओट्यावर आणतात, समोर ताट ठेवतात आणि कानात गुजरातीत ओरडतात. अण्णा अहिराणीत उत्तर देतात. दोघांचं काय बोलणं होतं देव जाणे, पण उपास मात्र सुटले.

या दसऱ्याला गल्लीत सगळ्यांनी गाड्या धुतल्या. मी झेंडूचा हार घेऊन बॉनेटकडे गेलो तर अण्णांनी माझा हात धरला आणि मला गाडीच्या मागे नेलं. हार मागच्या दोन दिव्यांवरून बांधायला लावला. रमिलाबेननी दोन्हीकडे कुंकू लावलं. येणारे-जाणारे सांगत होते, हार चुकीच्या बाजूला लावलात म्हणून. अण्णांना ऐकू येत नव्हतं. ते हात जोडून, डोळे मिटून उभे होते.

यामागे काय आहे हे मला आजही सांगता येत नाही. वायरिंगमधलं कोणी जाणकार इथे असेल तर जरूर लिहा, मी खरंच वाचेन. त्या दिवशी अण्णांच्या शेजारी उभं राहून मीही हात जोडले. कोणाला, ते ठाऊक नाही.