म्हातारा इन द पिट

"मला खड्ड्यात घालतोस व्हय रं मास्तर? जित्याजागत्या मानसाला? आन ते बी माज्याच घरात बसून?"

भवानी पेठेतल्या त्या विणकर म्हाताऱ्याचा आवाज असा होता, की स्टेशनात उभी असलेली मद्रास मेल ती शिट्टी समजून दोन हात पुढे सरकली म्हणतात. मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण शपथेवर सांगणारी माणसं मला भेटली आहेत, आणि त्यांतला एक तर त्या गाडीत चढता चढता राहिलेला होता.

म्हाताऱ्याचं चुकलं नव्हतं. त्याचा हातमाग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा, खड्ड्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडायचे, पायांनी खालच्या फळ्या दाबायच्या आणि हातांनी धोटा इकडून तिकडे फेकायचा. त्याच खोलीत, त्याच्या पाठीशी, गल्लीतल्या पाच बायका माझ्यापुढे ओळीनं बसत आणि एका सुरात गर्जत, "द ओल्ड मॅन इज इन द पिट!" असं चार दिवस चाललं. म्हातारा समजत होता, काहीतरी स्तोत्र चाललंय. पाचव्या दिवशी कचेरीतला एक पट्टेवाला शेजारी विडी ओढायला आला आणि त्यानं भाषांतर करून दिलं: म्हातारा खड्ड्यात आहे. आता आपल्याकडे 'खड्ड्यात' ही काही राहायची जागा नव्हे. ती शिवी आहे.

पण मी तरी काय करणार? मी नुकताच मॅट्रिक झालेलो, म्हणजे तिसऱ्या खेपेला. कुणीतरी माझ्या डोक्यात भरवलं होतं की इंग्रजी शिकवायचं तर मराठीचा एक शब्द काढायचा नाही; वस्तू दाखवायची, वाक्य म्हणायचं, म्हणवून घ्यायचं. पुस्तकात पहिलंच वाक्य: पुस्तक टेबलावर आहे. अख्ख्या गल्लीत टेबल नव्हतं. पुस्तक एकच, आणि ते हातातून सोडलं तर पुढचं वाक्य मलाच आठवायचं नाही. एके दिवशी कोंबडी आणली. "द हेन इज ऑन द बॉक्स" एवढं म्हणून होईतो ती बॉक्सखाली, तिथून चुलीमागे, तिथून माझ्या टोपीवर. त्या घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागचं न हलणारं असं एकच होतं. म्हातारा.

हे सगळं चाललं होतं त्याच्या सुनेपायी. गल्ली तिला अक्का म्हणे. सासू आजारी होती तेव्हा अक्का पंधरा दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी होती. गोरी मडम येऊन काहीतरी मागायची आणि अक्का नुसती बघत राहायची. सासू गेली. ते बघत राहणं मात्र अक्काच्या मनातून गेलं नाही. आता त्याच दवाखान्यात वॉर्डात कामाला बाया हव्या होत्या. अट एकच, मडमेचं इंग्रजीतलं सांगणं कळलं पाहिजे. परीक्षा महिन्यावर होती.

अक्का हुशार होती, म्हणजे मास्तरला तापदायक.

"मास्तर, आपल्याकडं एकच 'वर'. तुमच्या इंग्रजीत 'ऑन' बी वर, 'ओव्हर' बी वर, 'अबव्ह' बी वर. एका टेबलाला तीन-तीन वर कशाला?"

बाकीच्या चौघी अशा हसल्या की कोंबडीनं त्या दिवशी अंडं दिलं नाही. मी 'बिहाइंड'कडे पळालो. बिहाइंड म्हणजे मागं, असं मराठीत सांगून बसलो. नियम मोडला आणि लगेच शिक्षा झाली.

"म्हंजी मागाच्या मागं म्हनायचं तर बिहाइंडच्या बिहाइंड?"

तर त्या पाचव्या दिवशी म्हातारा खड्ड्यातून बाहेर आला. वर्ग बंद होणार, असं मी धरूनच चाललो होतो. अक्का पदर सारखा करून उभी राहिली.

"मामा, तुमाला न्हाई म्हनलं. तुमी जितं बसता त्या जागंला म्हनलं."

"आन तू दवाखान्यात गेलीस की माज्या कांड्या कोन भरनार?"

खरी गोष्ट ही होती. धोट्यात सुताची भरलेली कांडी लागते, आणि त्या घरात कांड्या भरणारे हात एकच होते.

"मी भरीन."

"रोजच्या रोज. एक दिस धोटा रिकामा ऱ्हायला, की तुजं विंग्रजी चुलीत."

म्हातारा परत खड्ड्यात उतरला. त्यानंतर मात्र तो बोलेना. आमचं वाक्य सुरू झालं की त्याचा धोटा मंदावे, संपलं की पुन्हा खडखडे. मी म्हटलं, रुसलाय.

परीक्षेच्या दिवशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात, खिडकीपाशी. आत मडम इंग्रजीत सांगत होती: भांडं खाटेखाली ठेव; अक्कानं ठेवलं. दाराआड उभी राहा; राहिली. मग मडमेनं खाटेवरच्या एका म्हाताऱ्या रोग्याकडे बोट दाखवलं, "व्हेअर इज द ओल्ड मॅन?"

महिनाभराची सवय. अक्का गरजली, "द ओल्ड मॅन इज इन द पिट!"

रोगी दचकून उठून बसला. आठ दिवस त्याला कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. मडमेचा चेहरा चुन्यासारखा झाला. काय झालं ते अक्काच्या लक्षात आलं. तिनं सरळ फरशीवर बैठक मारली, पाय लांब केले, फळ्या दाबल्या, हवेत धोटा फेकला आणि म्हणाली, "माय ओल्ड मॅन. इन द पिट. धिस ओल्ड मॅन, ऑन द बेड." मडम इतकी हसली की गावच्या तलावातले मासे तळाशी गेले असतील. मग तिनं अक्काचं नाव लिहून घेतलं.

आम्ही परतलो तेव्हा म्हातारा मागावरच होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "काय झालं?"

"लागले, मामा. उद्यापासनं."

धोटा थांबला. मी चपला हातात घेऊन दाराशी तयार.

"आन कांड्या?"

पहाटे उठून तिनं दोन दिवसांच्या भरून ठेवल्या होत्या. पण दिवसभर डोक्यात तेच घोळत असल्यामुळे तिच्या तोंडून निघून गेलं, "बिहाइंड द माग."

म्हाताऱ्यानं पाठीमागे हात घातला, चाचपलं, काही लागलं नाही. मग वाकून मागाखाली हात घातला, टोपली ओढली, एक कांडी काढून धोट्यात बसवली आणि म्हणाला, "बिहाइंड न्हाय. अंडर."